नाल्याची रेघ आणि खैरपाड्याची अकरा घरं

मला लिहायची हौस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी चौथी पास माणूस. कोतवालाला तेवढंच शिक्षण लागायचं, आणि त्यातलंही अर्धं चौतीस वर्षं नोटिसा वाटता वाटता झिजून गेलं. पण आमच्या गावच्या नव्या तलाठी मॅडम ऐकत नाहीत. दोनशे पानी वही आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "आबा, गावाचे प्रभाग परत पाडायला घेतलेत. मागच्या वेळचं सगळं लिहून द्या. मला कामाला येईल."

"मी तोंडी सांगतो, तुम्ही लिहा," म्हटलं.

"तोंडी सांगताना तुम्ही मध्येच भांडता आबा, आणि उठून जाता."

हे खरं आहे. म्हणून लिहितोय. आता तलाठ्याला तलाठी म्हणायचं नाही म्हणे, कोतवालालाही दुसरं काहीतरी म्हणतात. म्हणू द्या. मी कोतवाल म्हणून लागलो, कोतवाल म्हणून रिटायर झालो.

कोतवालकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चाललं की पायजम्याला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. चालताना कळत नाही. घरी येऊन बसलं की टोचायला लागतात, मग एकेक काढत बसायचं.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी आधी थोडं सांगतो. पाच वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक येते. त्याआधी गावाचे तुकडे पाडतात, त्यांना प्रभाग म्हणतात. एका तुकड्यातून दोन-तीन मेंबर निवडून जातात. तुकडे पाडणारे तिघं असतात: सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी, तलाठी आणि ग्रामसेवक. चौथा मी. मला कायदा ओळखत नाही. पण नाला कुठे आहे ते त्या तिघांतल्या एकालाही माहीत नसतं, म्हणून मला न्यावं लागतं.

नियम मला ऐकून ऐकून पाठ झालेत. नंबर उत्तरेकडून सुरू करायचे. रेघ नदी, नाला, रस्ता असं काहीतरी धरून न्यायची, कोणाच्या घरातून न्यायची नाही. सगळ्या तुकड्यांत माणसं सारखी पाहिजेत, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. आणि आदिवासी वस्ती शक्यतो फोडायची नाही.

शक्यतो! हा शब्द ज्याने नियमात घातला तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला, शहाद्याहून धडगावकडे जाताना घाट लागायच्या आधी. गावठाण खाली. गावठाणाच्या वर मोठा नाला. नाल्यापलीकडे खैरपाडा, बावीस घरं. पाड्याच्या मधून एक ओहळ जातो, उन्हाळ्यात त्यात शेळीचा पायसुद्धा ओला होत नाही. ओहळाच्या अलीकडे अकरा घरं, पलीकडे अकरा. त्याच्याही वर आंबापाडा, तो मोठा.

पावसाळ्यात मोठा नाला भरला की खैरपाडा तुटतो. बाई बाळंतपणात अडली तर झोळीत घालून चार माणसं छातीभर पाण्यातून आणतात. एक बाई आणता आणता नाल्यातच गेली. पाड्याला त्या नाल्यावर फरशी पाहिजे होती, फरशी म्हणजे सिमेंटचा बुटका पूल. ती पंचायतीच्या ठरावात यायची तर पाड्याचा स्वतःचा मेंबर पाहिजे. बावीस घरं एका प्रभागात राहिली तर मेंबर निघतो. फोडली तर अर्धी गावठाणात बुडतात आणि उरलेली अर्धी आंबापाड्यापुढे कमी पडतात. मग ना मेंबर, ना फरशी. एवढं डोक्यात ठेवा आणि पुढचं वाचा.

* * *

पहिलं भांडण उत्तर दिशेवरून झालं.

नरोत्तमभाई आमच्या गावठाणातले गुजर शेतकरी. केळी, कापूस, ट्रॅक्टर, सगळं आहे. त्यांच्या ओट्यावर ऑइलपेंटने लिहिलेलं, 'वॉर्ड नं. १'. वडिलांनी लिहून घेतलं होतं. या वेळी उत्तरेकडून नंबर घातले तर डोंगराकडचे पाडे झाले एक नंबर आणि गावठाण गेलं दोनवर.

नरोत्तमभाई पंचायतीत आले ते तावातच. "सर्कलसाहेब, आमना आजाना टाइमपासून आम्ही एक नंबर शेतस. आते पाडावाला एक नंबर व्हयनात?"

सर्कल दिनकररावांनी मोबाईलमधलं होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं. "ही बघा सुई. उत्तर इकडे आहे. नंबर इकडूनच सुरू करायचे."

नरोत्तमभाईंनी सुई बराच वेळ बघितली. मोबाईल हाताने जरा फिरवून बघितला. सुई फिरून परत तिथेच! मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, हाई उत्तर जराशी आठे घेता येवाव नही का?"

"उत्तर दिशा शासनाची आहे नरोत्तमभाई. तिच्यात मला बदल करता येत नाही!"

"मंग हरकत कोनाकडे लेवानी?"

आणि खरंच हरकत घेतली की. 'विषय: उत्तर दिशेबाबत.' तो अर्ज तालुक्याला मीच नेऊन दिला. खिडकीतल्या क्लार्कने न वाचता शिक्का मारला आणि पोच दिली. नरोत्तमभाईंनी ती पोच लॅमिनेट करून घेतली आहे. ओट्यावरचा 'वॉर्ड नं. १' अजून तसाच आहे.

* * *

सुपडूचं वेगळंच. सुपडू गावठाणाच्या शेवटच्या गल्लीत राहतो. रेघ त्या गल्लीच्या रस्त्याच्या मधून गेली होती. मसुदा बोर्डावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सुपडू अर्ज घेऊन हजर. अर्ज वकिलाकडून टाईप करून आणलेला.

'सदर सीमारेषा माझ्या राहत्या घराच्या स्वयंपाकघरातून जात असून ते नियमबाह्य आहे.'

सर्कलने अर्ज वाचला. मग नकाशा बघितला. मग अर्ज पुन्हा वाचला. "सुपडू, रेघ रस्त्याच्या मधोमध आहे."

"हां साहेब."

"आणि ती तुझ्या स्वयंपाकघरातून जाते."

"चुल्हावरथून जास साहेब!"

"म्हणजे तुझी चूल रस्त्याच्या मधोमध आहे."

सुपडूने वाकून नकाशात बघितलं.  तालुक्याचं पथक सहा वर्षं टेप घेऊन गावाचं अतिक्रमण शोधत फिरत होतं, त्यांना सुपडूचं घर कधी सापडलं नाही. सुपडूने ते नकाशासकट, वकिलाची फी भरून, स्वतःच आणून दिलं!

संध्याकाळी माझ्या घरी आला. "आबा, मन्हा अर्ज माले परत आनी द्या. रेघ ऱ्हाऊ द्या, नियमबी ऱ्हाऊ द्या. आमी चूल बाहेर मांडी लेसूत."

* * *

आता झिनाबाईचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तिला हे माहीत नाही आणि कोणी सांगूही नका.

प्रभागात माणसं किती, हे आज मोजत नाहीत. मागच्या जनगणनेत जेवढी लिहिली तेवढीच धरायची असा कायदा आहे. त्या जनगणनेला मी मास्तरांबरोबर खैरपाड्यात गेलो होतो. दिवस उसाचे. अर्धा पाडा ऊस तोडायला गुजरातला गेलेला. घरं उघडी आणि म्हातारी माणसं राखणीला.

झिनाबाई दारात महूची, म्हणजे मोहाची फुलं निवडत बसली होती. मास्तरांनी विचारलं, "आजी, घरात किती माणसं?"

"तेरा."

मास्तरांनी आत डोकावून बघितलं. आत एक कोंबडी होती.

"नावं सांगा."

तिने सांगितली. कोण मोठा, कोण धाकटा, कोणाचा कान फुटतो, कोणाला तिखट चालत नाही, सगळं. मास्तर पेनाने लिहीत गेले. थोरल्या लेकाचं, जोरजीचं नाव आलं तेव्हा मी टेकल्या भिंतीवरून सरळ झालो. "झिनाबाई, जोरजी तर मेला ना?"

"मेला."

"मग?"

"होळीला त्याचा घास काढते मी. जेवतो तर मोजायचा नाही?"

मास्तरांचं पेन थांबलं. पेनाने लिहिलेलं खोडायचं नाही, असं त्यांना ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं आणि विचारलं, "पुढचं नाव?"

शेजारच्या म्हातारीने हे ऐकलं. तिने का मागे राहावं? तिनेही तिची माणसं सांगितली. मग तिच्या शेजारणीने सांगितली. मी गप्प बसलो, ही माझी चूक. त्या वर्षी खैरपाड्यात जेवढी माणसं जिवंत होती, तेवढी पुन्हा कधीच झाली नाहीत!

त्यानंतर जनगणना झालीच नाही. तोच आकडा चालू राहिला. म्हणून प्रभाग पाडताना एक नंबरात माणसं जास्त निघाली, दहा टक्क्यांच्या बाहेर गेली. कोणीतरी कमी करणं भाग होतं. मेलेली कमी करता येत नाहीत, त्यांची नोंद झालेली. मग जिवंत कमी करायची.

* * *

सर्कल दिनकरराव माणूस वाईट नव्हता, आळशी होता. वाईट माणूस निदान जागेवर चालत तरी जातो.

स्थळपाहणी करून पंचनामा लिहायचा होता. रेघ कुठून न्यायची ते चालून बघायचं. ऊन फार होतं. आमची स्थळपाहणी फाट्यावरच्या हॉटेलात झाली. भजी आली, चहा आला. दिनकररावांनी कोरा कागद पुढे सरकवला. "नथ्थू, इथे खाली सही कर."

"वर काय लिहिणार?"

"पाहिलं ते."

"पाहिलं तर काहीच नाही."

"मग वेळ लागणार नाही."

हसू नका. आमच्याकडे कामाची रीतच तशी होती. पंच गोळा करायला दिवस जातो, म्हणून माणूस समोर आहे तोवर सही घ्यायची आणि मजकूर ऑफिसात पंख्याखाली बसून लिहायचा. मी स्वतः शेकडो पंचांच्या सह्या अशाच घेतल्या आहेत. मी सही केली आणि उरलेली भजी खाल्ली.

आठ दिवसांनी मसुदा आला. तो बोर्डावर मीच चिकटवला, खळ लावून, चारी कोपरे दाबून. वाचला नाही. कागद चिकटवणारा कागद वाचत नाही.

वाचला तो सायनीने. ती रेहमल कारभाऱ्याची सून, दहावी शिकलेली. रेहमल हा खैरपाड्याचा कारभारी. पाड्यात त्याचा शब्द चालतो. त्याला आणि मला मिशा एकाच वर्षी फुटल्या. त्याच्या पाड्याची होळी मी एक वर्ष चुकवली नव्हती. सायनीने बोर्डासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं: रेघ मोठ्या नाल्यावरून काढून ओहळावर नेली होती. अलीकडची अकरा घरं गावठाणात टाकली, पलीकडची अकरा वर राहिली. पाडा मधोमध चिरला. आणि खाली लिहिलेलं, 'कोतवाल यांनी प्रत्यक्ष दाखविल्याप्रमाणे.'

चार दिवसांनी धडगावच्या बाजारात रेहमल समोर आला. बाजार भरलेला. तो पावरीत बोलला. मला पावरी कळते, इथे मराठीत लिहितो.

"कोतवाल, ओहळ तू दाखवलास?"

"मी काहीच दाखवलं नाही."

"सही कोणाची?"

"सही माझी."

"म्हणजे पाडा तू विकलास!" आजूबाजूची शंभर माणसं वळून बघायला लागली. "कशावर विकलास तेवढं सांग. भज्यांवर?"

त्याला ते कोणी सांगितलं कोण जाणे. पण भजी मी खाल्ली होती.

त्या वर्षी होळीला मला बोलावणं आलं नाही. ओट्यावर बसून डोंगरातला ढोल ऐकला. बायकोने विचारलं, "जातस नही का?" म्हटलं, पाय दुखतोय.

* * *

हरकतीची सुनावणी प्रांतसाहेबांसमोर झाली. खैरपाड्याची वीस माणसं जीप करून आली. शिपाई म्हणाला, आत पाचच. मग रेहमल, सायनी आणि आणखी तिघं आत गेले. सायनीच्या खांद्यावर बांबू आणि बांबूला बांधलेली झोळी. ती तिने सरळ प्रांतसाहेबांच्या टेबलावर ठेवली. फायली सरकल्या.

"हे काय आहे?"

"साहेब, आमची बाई यात बसून नाला ओलांडते. एक याच्यातच गेली. अर्धा पाडा तिकडे टाकलात तर फरशी कोण मागणार?"

प्रांतसाहेब तरुण होते, चांगल्या मनाचे वाटले. झोळीला हात लावून बघितला त्यांनी. पण म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं मला कळतं. पण माझ्यासमोर प्रश्न लोकसंख्येचा आहे. ओहळ नैसर्गिक सीमा आहे. आणि स्थळपाहणी झालेली आहे, कोतवालाची सही आहे."

मी मागे भिंतीला उभा होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी पुढे गेलो. "साहेब, स्थळपाहणी झालेली नाही. मी सही केली तेव्हा कागद कोरा होता."

दिनकररावांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

प्रांतसाहेब तापले. "कोऱ्या कागदावर सही? तुम्ही शासकीय काम करता ना? कोऱ्या कागदावर सही कशी केली?"

"साहेब, तीस वर्षं कोऱ्याच कागदावर केली. भरलेल्या कागदावर करायची असते, हे आजच कळलं!"

कोणीतरी हसलं. तो शिपाई होता. हरकत फेटाळली गेली. सीमा अंतिम. आता रेघ हलणार नाही. आणि मला कारणे दाखवा नोटीस निघणार.

* * *

नोटीस निघाली. तहसीलच्या क्लार्कने माझ्या हातात तीन लखोटे ठेवले. "नथ्थू, आपल्या गावच्या नोटिसा. बजावून पोच आण."

एक नरोत्तमभाईंची, एक सुपडूची, एक माझी.

गावात नोटीस बजावणं हे कोतवालाचंच काम. दुसरा कोणी आणायचा म्हटलं तर अर्ज, मंजुरी, महिना जातो. मी दोन नोटिसा वाटल्या आणि तिसरी घेऊन घरी आलो. दारात उभा राहून हाक मारली, "नथ्थू कोतवाल आहे का घरात?"

बायको भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "आपली नोटीस आपलेच देवाले उनात का?"

"सरकारी काम आहे. तो घरात आहे का तेवढं सांग."

"तुम्ही घरमा शेतस का नही, ते माले इचारतस?"

मी विचार केला. मी दाराबाहेर उभा होतो. घरात नव्हतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलं होतं, हॉटेलात बसून नाही. मग नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं. नोटीस दाराला चिकटवली, चारी कोपरे दाबले आणि पोचपावतीवर लिहिलं, 'सदर इसम घरी आढळून आला नाही. सबब नोटीस दारास डकविली.'

खाली सही केली. या वेळी आधी वाचून केली.

* * *

आता शेवटचं.

सुनावणीनंतर कचेरीबाहेर कडुनिंबाखाली सगळे उभे होते. रेहमल माझ्यापासून दोन हातांवर. पण माझ्याशी बोलणं बंद, म्हणून तो सुनेला म्हणाला, "सायनी, त्याला विचार, माणूस कोणत्या प्रभागातला हे कशावरून धरतात?"

सायनीने माझ्याकडे बघितलं. मी सायनीला सांगितलं, "राहतो कुठे त्यावरून. निवडणुकीच्या आधी याद्या फोडताना घर बघतात. घर रेघेच्या ज्या बाजूला, मत त्या बाजूला."

"त्याला विचार, रेघ हलत नाही हे नक्की?"

"नक्की. अंतिम झाली."

"आणि घर?"

"घर ज्याचं त्याचं. त्याला कोणी अंतिम केलेलं नाही."

रेहमल वळला. जीपच्या टपावर चढून बसला.

महिनाभराने सकाळी बायको पाणी घेऊन आली ती सांगत, खैरपाड्यात ढोल वाजतोय. लग्नाची तिथी नव्हती. मी मोठा नाला ओलांडून वर गेलो. पाहतो तर ओहळाच्या अलीकडे दोन-अडीचशे माणसं. आंबापाड्याची, वरच्या घाटातल्या पाड्यांची, मोलगीकडच्या सोयऱ्यांची. डोंगरात एकाचं काम असलं की सगळे येतात, मजुरी कोणी मागत नाही, फक्त जेवण. त्याला लाहा म्हणतात. घर बांधायला, शेत निंदायला लाहा मी पुष्कळ बघितल्या. ही वेगळी होती.

घरं उतरवत होते. कौलं हातोहात ओहळापलीकडे चाललेली, एक कौल दोनशे हातांतून. कुडाच्या भिंती आख्ख्या उचलून, जशा खाटा उचलतात. सागाचे खांब, दारं, धान्याच्या कणग्या, कोंबड्यांची खुराडी. झिनाबाई दोन हातांत चुलीतला विस्तव घेतलेली थाळी धरून ओहळ ओलांडत होती आणि मागच्यांना शिव्या देत होती, धक्का लागतो म्हणून.

तीन दिवस मी रोज जात होतो. झाडाखाली उभा राहायचो. माझ्याशी कोणी बोलायचं नाही, पण जा असंही कोणी म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचं घर राहिलं, रेहमलचं. त्याचं आढं म्हणजे आख्खा साग, छपराच्या मधोमध टाकलेला, त्याच्या बापाने घातलेला. चार माणसं लागतात. तीन खांदे खाली लागले. बाकीचे सगळे पलीकडे कौलं चढवत होते. रेहमलने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"उचल," म्हणाला.

मी उचललं. ओहळात माझा पाय घसरला तेव्हा तो मागून म्हणाला, "हळू." बस. तेवढंच बोलणं झालं.

पुढच्या आठवड्यात दिनकरराव याद्या घेऊन आले. या वेळी त्यांना मोठा नाला पायी ओलांडावा लागला, पॅण्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून. बरोबर त्या वेळचे तलाठी होते आणि मी. ओहळाच्या अलीकडे पोहोचले आणि उभेच राहिले. जमिनीत खांबांचे खड्डे, चुलींच्या जागी काळे डाग. बाकी मोकळं रान.

"नथ्थू, इथे अकरा घरं होती."

"होती साहेब."

"कुठे गेली?"

"ओहळापलीकडे."

"अशी कशी गेली?"

"खांद्यावर."

दिनकररावांनी यादी उघडली, मिटली, परत उघडली. "अरे, पण सीमा अंतिम झाली होती!"

"सीमा जागेवरच आहे साहेब. तिला कोणी हात लावलेला नाही."

पलीकडे बावीस घरांतून बावीस धूर निघत होते. रेहमल दारात उभा होता, हातात काठी, आमच्याकडेच बघत. सायनी शेजारी. दिनकररावांनी एक मोठा श्वास सोडला आणि कोरा कागद माझ्यापुढे धरला. "कर सही. पंचनामा मी ऑफिसात लिहितो."

"नाही साहेब. आधी लिहा."

"इथे? उन्हात?"

"इथेच. पाहिलं ते."

तलाठ्याची पाठ टेबल केली. दिनकररावांनी लिहिलं. मग मी तो कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागलो, ओहळापलीकडे ऐकू जाईल असा. चौथी पास माणूस, जोडाक्षरं अडतात. 'प्रत्यक्ष' या शब्दावर मी बराच वेळ थांबलो. दिनकररावांच्या मानेवरून घाम ओघळत होता. तलाठी वाकलेलेच. पूर्ण पान वाचून झाल्यावर सही केली.

सायनी निवडून आली. तिचा पहिला ठराव फरशीचा. गेल्या उन्हाळ्यात फरशी झाली, आणि ती झोळी आता रेहमलच्या माळ्यावर कांदे ठेवायला आहे.

दिनकरराव रिटायर झाले तेव्हा माझ्या ओट्यावर आले, नारळ घेऊन. "नथ्थू, त्या कागदाचं माझ्याकडून चुकलं," म्हणाले. मी नारळ ठेवून घेतला. नोटिशीचंही पुढे काही झालं नाही. सदर इसम अजून घरी आढळून आलेला नाही.

रेहमलच्या पाड्यातल्या होळीला मी आता दरवर्षी असतो. तो माझ्या पानात दोनदा विचारून वाढतो, तिसऱ्यांदा न विचारता वाढतो. पण धडगावच्या बाजारात तो जे बोलला, ते शंभर माणसांनी ऐकलं. जेवायला वाढलं म्हणजे ते मिटत नाही. त्याची माफी त्याच बाजारात पाहिजे, तेवढ्याच आवाजात. मी दर बाजाराला जातो. तोही येतो. आम्ही चहा पितो.

मॅडम, ही माफी ज्याच्याकडे बाकी आहे त्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो, म्हणजे मागून कोणी विसरायला नको: रेहमल कारभारी, राहणार खैरपाडा, प्रभाग क्रमांक एक.